नळी कापली म्हणून नाक कापलं जात नाही

ठासणीच्या बंदुकांचे अमेरिकन शौकीन एकत्र जमले की बहुतेक विषयांवर आनंदानं भांडतात. चिंधीला चरबी कोणती लावावी, चकमक किती दिवस टिकते, गज लाकडाचा बरा की पितळेचा, असल्या वादांना अंत नसतो. एक वाक्य मात्र असं आहे की ते कानावर पडताच भांडणही थांबतं. घरातली समई मोडीत विकून आलेल्या पोराकडे पाहावं तशी माणसं मग बोलणाऱ्याकडे पाहू लागतात. ते वाक्य आहे, ‘‘नळी आठ इंच कापली.’’

या पापाची फिर्याद दोन बाजूंनी होते. परंपरेची बाजू घेणारे म्हणतात, लांब नळी, मागे साधी खाच आणि पुढे माशी हेच ठासणीच्या रायफलीचं रूप. ती आखूड करणं, तिला खाचेऐवजी भोकाची दर्शनी लावणं, बोर (पोकळीचा व्यास) वाढवणं ही इतिहासाची विटंबना. दुसऱ्या बाजूला आधुनिक मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. आता ठासणीची रायफलही 300 यार्डांवर हरीण पाडते, मग 60-70 यार्डांच्या शिकारीसाठी रायफल घडवत बसणं म्हणजे मोटार सोडून छकडा रंगवणं. एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एका मुद्द्यावर एकत्र येतात : जवळच्या शिकारीसाठी रायफल बदलून घेणारा माणूस वेडा आहे.

तो वेडा नाही. या हत्याराचा इतिहास आणि भूमिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या हिशेबात शहाणा तोच ठरतो.

आधी गुन्हा नेमका काय घडतो ते पाहू. 32 इंची अष्टकोनी नळी व्हाइसमध्ये धरलेली असते, जबड्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून चामड्याचे तुकडे लावलेले असतात. कापायच्या जागी चारी बाजूंनी रेघ फिरते आणि करवत चालते. हे काम दहा-पंधरा मिनिटांचं. कसोटी त्यापुढे लागते. नव्या तोंडाची कड पोकळीशी काटकोनात यावी लागते, कानशीनं आणि शक्य असेल तर लेथवर. मग आतली धार बारीक पॉलिश कागदानं अंगठ्याखाली गोल फिरवून मोडायची, म्हणजे ठासताना चिंधी फाटत नाही. ही कड एका बाजूला केसभर जरी उतरती राहिली तरी गोळी बाहेर पडताना मागचा धूर आणि दाब त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला धक्का बसतो. माशीसाठी नवी खाच, खालची पट्टी आखूड, गजही तेवढाच आखूड. शेवटी टेबलावर आठ इंचांचा एक तुकडा उरतो. जवळजवळ एक इंच रुंदीची अष्टकोनी नळी आणि 54 कॅलिबरची पोकळी धरली तर तो तुकडा अर्धा किलो भरतो. अर्धा किलो वजन रायफलीच्या अगदी टोकावरून उतरलं याचा अर्थ काय, ते दाट झुडपात रायफल खांद्याला लावून पाहिलेल्या माणसालाच कळतं.

विटंबना म्हणतात ती एवढीच.

आता परंपरेकडे वळू. एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करायला हवी. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन या भावांच्या दुकानातून बाहेर पडलेली अस्सल रायफल, किंवा अठराव्या शतकातली पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल जर कुणी करवतीखाली धरत असेल, तर त्याच्या हातातून ती करवत काढून घ्यावी. त्या वस्तू म्युझियमच्या आहेत, त्यांना हात लावू नये. पण भांडण त्यांच्यावरून नाहीच. भांडण चालतं ते कारखान्यातल्या रायफलींवरून. थॉम्पसन-सेंटर या न्यू हॅम्पशायरमधल्या कंपनीनं 1970 मध्ये ‘हॉकन’ नावाची रायफल बाजारात आणली. तिची नळी 28 इंचांची, मागची दर्शनी स्क्रूनं हलणारी, खटक्यात गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि दस्त्यावर पितळेचा भरपूर साज. जेकब हॉकन 1849 मध्ये कॉलऱ्यानं वारला. ही रायफल त्याच्यासमोर ठेवली असती तर तिच्यावर आपलं नाव कसं, हेच त्याला कळलं नसतं. 1972 साली रॉबर्ट रेडफर्डचा ‘जेरेमाया जॉन्सन’ चित्रपट आला आणि डोंगरात एकट्यानं राहणाऱ्या फासेपारध्याची आणि त्याच्या हॉकनची हौस देशभर पसरली. आज ज्या रूपाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं जातं, ते रूप पुष्कळांच्या मनात या कारखान्यातून आणि त्या पडद्यावरून आलेलं आहे. परंपरा म्हणून ती फार तर पन्नास-पंचावन्न वर्षांची.

गंमत अशी की लायमन कंपनी ‘ग्रेट प्लेन्स’ ही 32 इंची नळीची रायफल विकत असतानाच ‘डियरस्टॉकर’ नावानं 24 इंची नळीचीही विकत होती. कंपनीनं आखूड केली तर ते मॉडेल होतं, गिऱ्हाइकानं केली तर पाप.

खऱ्या परंपरेत डोकावलं तर हे हत्यार कधी एका मापाचं राहिलेलंच नाही. जर्मन मुलखातली ‘येगर’ रायफल आखूड आणि जाड नळीची, मोठ्या बोराची होती, कारण ती तिथल्या दाट रानात रानडुक्कर आणि हरणं मारायला घडवलेली होती. तिथले कारागीर स्थलांतर करून पेनसिल्व्हेनियात आले. इथं शिसं आणि दारू महाग, प्रवास लांबचे. मग बोर लहान झाला, नळी वाढत वाढत 42 इंचांच्याही पुढे गेली. पुढे माणसं पश्चिमेला घोड्यावरून निघाली, अस्वल आणि गवे समोर आले, तेव्हा नळी पुन्हा आखूड, पुन्हा जाड आणि बोर पुन्हा मोठा झाला. हॉकन हे त्याच परतीच्या वाटेवरचं एक ठिकाण. दीडशे वर्षांत एकाच हत्यारानं रानाकडे बघून दोनदा कूस बदलली. यातल्या मधल्याच मापाला कुणी ‘मूळ’ म्हणावं, याला इतिहास म्हणत नाहीत, आवड म्हणतात.

आणि करवतीचं म्हणाल तर कॅनडाच्या गवताळ मैदानांवर ती केव्हाच चाललेली आहे. हडसन्स बे कंपनी ‘नॉर्थवेस्ट गन’ नावाची हलकी, सुमारे 24 बोराची बंदूक फरच्या बदल्यात देत असे. ती रायफल नव्हे, आतून गुळगुळीत नळीची. मेती (युरोपीय आणि आदिवासी मिश्र वंशाचे) लोक आणि मैदानी जमातींचे शिकारी ती कापून दोन फुटांच्या आसपास आणत, कारण शिकार चालायची धावत्या घोड्यावरून, गव्याच्या बरगडीला जवळजवळ नळी टेकवून. गोळ्या गालात धरलेल्या, दारू अंदाजानं शिंगातून सरळ नळीत, वरून तोंडातून थुंकलेली ओली गोळी, आणि ठासायच्या ऐवजी दस्ता खोगिरावर आपटायचा. अशा कापलेल्या बंदुकींना संग्राहक आज ‘बफेलो रनर’ म्हणतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. म्हणजे जुन्या माणसानं कापली तर वारसा.

पण या वादातला सर्वांत भक्कम साक्षीदार अमेरिकेत नाहीच. तो सापडतो सातपुड्यात.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव मराठी वाचकाला पचमढीच्या निमित्तानं माहीत असतं. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत 1861 मध्ये तयार झाला. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत हा तरुण अधिकारी त्या प्रांताची जंगलं पाहायला निघाला आणि 1862 मध्ये त्यानं पचमढीच्या पठारावर ‘बायसन लॉज’ बांधला. सातपुडा आणि नर्मदेच्या खोऱ्यावरचं त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक 1871 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्याआधी 1863 मध्ये त्यानं आणखी एक पुस्तक लिहिलं होतं, ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’. पर्यटकांना ते माहीत नाही. ठासणीच्या रायफलीवर गंभीरपणे विचार करणाऱ्यांना मात्र पचमढी कुठे आहे हे माहीत नसलं तरी हे पुस्तक माहीत असतं.

फोर्सिथनं लिहिलं तो काळ लांब पल्ल्याच्या वेडाचा होता. 1860 च्या जुलैत विंबल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळा भरला आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीनं टेकूवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून 400 यार्डांवरच्या निशाणाच्या जवळजवळ मधोमध गोळी बसवली. जो तो लांबट गोळी आणि नळीच्या आतल्या खाचांचा घट्ट पीळ यांच्या नावानं नाचत होता. सैन्याकडे एन्फील्ड होती, तीच 1857 च्या काडतुसांमुळे हिंदुस्थानात गाजलेली. तीसुद्धा ठासणीचीच, 0.577 इंच बोराची, 530 ग्रेनची म्हणजे सुमारे 34 ग्रॅमची लांबट गोळी सोडणारी. सैन्यात चालते, मेळ्यात चालते, तर शिकारीत का नको, असा तेव्हाचा सूर होता. आज 300 यार्डांची भाषा करणारे जे बोलतात ते शब्दाला शब्द लावून हेच.

फोर्सिथचं उत्तर सोपं होतं, आणि ते रानात उभं राहून दिलेलं होतं. जंगलात जनावर दिसतं ते जवळ दिसतं. शंभर यार्डांच्या आत बहुतेक सगळं घडतं, दीडशेच्या पुढे शिकार म्हणावं असं फारसं काही नसतं. जड, सावकाश जाणारी लांबट गोळी मोठी कमान काढत जाते. म्हणजे अंतराचा अंदाज पंधरा-वीस यार्डांनी चुकला की गोळी पाठीवरून तरी जाते किंवा पोटाखालून तरी. आणि झाडीत, उतारावर, उन्हाच्या कवडशांत अंतराचा अंदाज चुकतोच. उलट मोठी गोल गोळी भरपूर दारूनं जोरात सोडली तर ती त्या शंभर-सव्वाशे यार्डांत जवळजवळ सरळ जाते. दर्शनी खालीवर करायची गरज नाही, हिशेब नाही, नेम धरला की चाप.

अडचण एकच होती. गोल गोळी चिंधीत गुंडाळून पिळाच्या नळीत घट्ट बसवतात. दारू वाढवली की गोळी पीळ सोडून सरळ घसरत बाहेर पडते आणि मग नेमाला अर्थ उरत नाही. फोर्सिथनं म्हटलं, मग पीळच सैल करा. लांबट गोळी आडवी होऊ नये म्हणून तिला जोरात फिरवावी लागते, गोल गोळीला आडवं होण्याची भीती नाही, तिला नावापुरतं फिरवलं तरी पुरतं. त्यानं सुचवलेला पीळ होता 8 फूट 8 इंचांत एक फेरा, म्हणजे 104 इंचांत एक. एन्फील्डचा 78 इंचांत एक होता आणि व्हिटवर्थचा 20 इंचांत एक. शिकारी रायफलीची नळी दोन-अडीच फुटांची. म्हणजे फोर्सिथची गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत स्वतःभोवती पाव फेराच घेत असे. तेवढा तिला पुरत होता.

विंबल्डनच्या मेळ्यासाठी घडलेल्या हत्याराला सातपुड्यातल्या माणसानं जवळच्या अंतरासाठी असं उलगडून पुन्हा बांधलं. ज्याला आज ‘कस्टमायझेशन’ म्हणतात, त्याचं याहून चोख उदाहरण सापडणार नाही.

इथे एक शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे : गोल गोळी कितीही जोरात सोडली तरी तिची ताकद लवकर संपते. खरंच आहे. हवेला तिच्याइतका सोपा घास दुसरा नाही. शंभर यार्डांपर्यंत जाता जाता तिच्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा हवेनं खाल्लेली असते. लांबट गोळीवाले हा आकडा हुकमाच्या पानासारखा टाकतात. पण हे पान कुणाच्या बाजूचं आहे? ताकद पहिल्या साठ-सत्तर यार्डांत असते, म्हणूनच तर रायफल त्या अंतरासाठी घडवायची. आणि जे उरतं ते कसं वाढवायचं हे भूमिती सांगते. 50 कॅलिबरच्या नळीतली 0.490 इंचांची शिशाची गोळी साडेअकरा ग्रॅम भरते. 62 कॅलिबरमधली 0.610 इंचांची बावीस ग्रॅम. व्यास वाढला पावपट, वजन जवळजवळ दुप्पट, कारण वजन व्यासाच्या घनात वाढतं. फोर्सिथच्या आवडीची 14 बोर म्हणजे एक पौंड शिशात चौदा गोळ्या, एकेक 32 ग्रॅमची. लहान गोळीला फुलून मोठं व्हावं लागतं तेव्हा ती मोठी जखम करते. ही मुळातच मोठी असते. मोल द्यावं लागतं ते खांद्याला धक्क्याच्या रूपानं आणि खिशाला शिसं-दारूच्या रूपानं. ते खोटं नाही.

आता मागच्या खाचेची गोष्ट. नळी कापली की मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर कमी होतं आणि नेमातली बारीकशी चूक जास्त मोठी होते, असा आक्षेप कापण्याविरुद्ध घेतात. आक्षेप म्हणून तो चांगला आहे, पण त्यात मागची खाच जागेवरच राहते असं गृहीत धरलेलं आहे. साध्या रायफलीवर खाच नळीच्या बुडापासून आठ-नऊ इंच पुढे असते, कारण ती डोळ्याजवळ आणली की धूसर दिसते. 32 इंची नळीवर माशी एकतिसाव्या इंचावर धरली तर दोहोंत बावीस-तेवीस इंच राहतात. नळी 24 इंचांवर आणली आणि खाच काढून बुडाच्याही मागे, दस्त्यावरच्या पट्टीवर, भोकाची दर्शनी बसवली तर माशी तेविसाव्या इंचावर आणि भोक बुडाच्या दोन-तीन इंच मागे. अंतर झालं पंचवीस-सव्वीस इंच. नळी आठ इंचांनी आखूड, नेमाची रेघ पूर्वीपेक्षा लांब. भोकातून डोळा आपोआप मध्य शोधतो, खाचेकडे बघावंच लागत नाही. फक्त माशी आणि हरीण. चाळिशी लागलेल्या शिकाऱ्याला खाच, माशी आणि जनावर अशा तीन गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसणं शक्यच नसतं. ज्यांना भोकाची दर्शनी ‘अनैतिहासिक’ वाटते ते बहुधा अजून पस्तिशीच्या आत असावेत. युरोपात निशाणबाजीच्या रायफलींवर असली भोकं शेकडो वर्षांपूर्वीही होती, हे सांगून त्यांचं समाधान होत असेल तर तेही सांगून टाकावं.

पीळ मात्र कापण्यानं बदलत नाही. 60 इंचांत एक फेरा असेल तर चोवीस इंच नळीतही तो 60 इंचांत एकच राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण रायफलीच्या बाबतीत तंतोतंत खरी आहे. वेग थोडा कमी होतो, तो कमी होऊ द्यावा. 54 कॅलिबरच्या गोळीचा नेम पाऊणशे यार्डांवर जुळवला तर शंभर यार्डांपर्यंत ती नेमाच्या रेघेपासून तीनेक इंचांहून जास्त ढळत नाही. हरणाच्या फुप्फुसाची जागा याहून बरीच मोठी असते.

परंपरेच्या बाजूला एवढं पुरे. दुसऱ्या पक्षाशी जास्त कडक बोलावं लागेल, कारण तो नुसती नाकं मुरडत नाही, नियम वाकवतो.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीनं हरीण मारायला नेहमीच्या हंगामाशिवाय वेगळे दिवस मिळतात. ते का मिळतात? हत्यार एकदाच उडतं, पुन्हा भरायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, धुरानं समोरचं काही दिसत नाही, पावसात रंजक भिजतं, आणि जनावर मारायला जवळ जावं लागतं. म्हणून थोडीच जनावरं मरतात, म्हणून जास्त दिवस द्यायला हरकत नाही. सवलत त्या हत्याराच्या उणिवेला दिलेली आहे. पेनसिल्व्हेनियानं 1974 मध्ये नाताळानंतरचा हंगाम सुरू केला तो फक्त चकमकीच्या बंदुकींसाठी, आणि तो अजूनही चालू आहे. माउंटन लॉरेलच्या सदाहरित जाळ्यांत, बर्फात, चकमकीवर चरबीत भिजवलेलं चामडं बांधून माणसं त्या दिवसांत फिरतात. त्या जाळीत चाळीस यार्डांच्या पुढचं काही दिसेल तर नशीब.

मग 1985 मध्ये मिझुरीच्या टोनी नाइटनं एमके-85 ही रायफल आणली. घोडा नळीच्या मागे सरळ रेषेत, टोपी मधोमध, दिसायला आधुनिक रायफलीसारखी. तिनं पुष्कळांना या खेळात आणलं, याबद्दल नाइटला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिच्यामागून प्लास्टिकच्या झबल्यातल्या गोळ्या आल्या, दारूच्या वड्या आल्या, दुर्बिणी आल्या आणि बिनधुराच्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या रायफलीही आल्या. आता ‘ठासणी’ एवढंच उरलं की गोळी पुढून जाते. बाकी सगळं आधुनिक रायफलीचं, आणि दिवस मात्र ठासणीचे. ज्या उणिवेपायी सवलत मिळाली ती उणीव घालवून सवलत तेवढी ठेवायची, याला मराठीत एक शब्द आहे आणि तो छापण्याजोगा नाही.

हे नुसतं लेखकाचं मत नव्हे. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण, वड्या आणि झबल्यातल्या गोळ्या चालत नाहीत. आयडाहोत ठासणीच्या खास हंगामात बार पेटवणारा भाग उघडा असावा लागतो. युटानं काही वर्षं मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीला परवानगी देऊन पाहिली आणि मग 2024 मध्ये तिला पुन्हा दार दाखवलं. या तिन्ही राज्यांत भोकाची साधी दर्शनी लावलेली, आखूड केलेली, मोठ्या बोराची रायफल निर्धास्त चालते.

लांब पल्लेवाले दयेचा मुद्दा काढतात : दुर्बिणीतून नीट नेम धरला तर जनावर तडफडत नाही. कागदावर हे पटतं. पण नेहमीच्या पर्यायी दारूवर चालणाऱ्या रायफलीची गोळी 300 यार्डांवर पोचायला सुमारे अर्धा सेकंद घेते, आणि चरणारं हरीण अर्ध्या सेकंदात पाऊल टाकतं. फुप्फुसाकडे निघालेली गोळी पोटात जाते. शिकारी भरतो दुसरा बार, अर्ध्या मिनिटानं. तोवर जनावर डोंगरापलीकडे. साठ यार्डांवर पोचायला गोळीला सेकंदाचा आठवा भाग पुरतो. आणि साठ यार्डांपर्यंत ज्याला जाता येत नाही तो बंदूक न उडवता घरी येतो. जनावराच्या दृष्टीनं याहून मोठी दया कोणती?

भारतात या वादाला व्यवहारात जागा नाही आणि ते ठीकच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्तीनं शिकार बंद झाली. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच गुन्हा मानतं. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अजून कित्येक घरांत भिंतीला टेकून असते. या लेखातलं काहीही वाचून तिला कुणी कानस लावू नये.

तरी जवळून मारणारं हत्यार माणसाला काय शिकवतं याचा दाखला इथलाच देता येतो. कालाढुंगीच्या रानात लहानग्या जिम कॉर्बेटला मिळालेली पहिली बंदूक दुनळी, ठासणीची होती. तिची उजवी नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेनं बांधलेला होता. एकच नळी, एकच बार, आणि चुकलं तर पुन्हा सगळं ठासायचं. पुढे त्यानं ‘जंगल लोअर’मध्ये तिच्याविषयी आपुलकीनं लिहिलं. दुर्बिणीची रायफल हाती असती तर पावलांचे ठसे आणि पाखरांचे इशारे वाचायची त्या पोराला एवढी निकड कशाला पडली असती?

फोर्सिथचा सैल पीळही पुस्तकातच पडून राहिलेला नाही. मागणीवरून नळ्या बनवणारे काही अमेरिकन कारागीर आजही मोठ्या बोराच्या, गोल गोळीच्या नळ्यांना 104 इंचांत एक असा पीळ कापून देतात, आणि त्याला ‘फोर्सिथ’ असंच म्हणतात.